मांडवाखालची जमीन

ताईच्या मुलीचं लग्न चार्ल्सटनला करायचं ठरलं. अमेरिकेतलं साउथ कॅरोलिना राज्य, अटलांटिकच्या काठावरचं जुनं बंदर, १६७० सालची वसाहत. भाची तिथे नोकरीला, जावई त्याच राज्यात लहानाचा मोठा झालेला, म्हणून लग्नही तिथेच. फेब्रुवारीत मला बोलावून घेतलं ते जागा बघायला. ‘मावशी, तू बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम भरणार नाही,’ म्हणाली. गेले. बघितलं. आणि पहिल्याच जागेला नाही म्हटलं.

का म्हटलं ते सगळं लिहिते. आपली कितीतरी मुलं आता अटलांटा, शार्लट, रॅलीच्या बाजूला राहतात. फोटो बघून चार्ल्सटनला लग्न करायचं ठरवतात. पैसे भरण्याआधी हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ती जागा दिसायला अप्रतिम होती, यात वाद नाही. दोन्ही बाजूंना जुन्या ओकच्या रांगा, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यांवरून करड्या जटा लोंबताहेत. शेवटी पांढऱ्या खांबांचं घर. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘प्लँटेशन’.

आपल्या कानाला हा शब्द गार लागतो. मुन्नारचा चहा, कूर्गची कॉफी, धुकं, सुट्टी. चार्ल्सटनच्या भोवती या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे प्लँटेशन म्हणजे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून कसलेली जमीन. आधी भात, मग नीळ, मग कापूस. कंबरभर चिखलात उभं राहून त्या लोकांनी दलदलीची भातशेती केली, बांध घातले, भरती-ओहोटीचं पाणी खेळवणाऱ्या मोऱ्या बांधल्या. ते कसब पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या मुलखातून आलेलं होतं. मालकाला ते येत नव्हतं. १८६० च्या जनगणनेत साउथ कॅरोलिनात दर शंभर माणसांमागे सत्तावन्न गुलाम होते. शंभरात सत्तावन्न!

हे ‘मळे’ नव्हेत. आपल्या पत्रिकेत कुणी ‘मळा’ असं भाषांतर करू नये.

आत गेलो तर टेबलांवर काचेच्या उंच बरण्यांमध्ये कापसाची बोंडं लावलेली. वाळलेल्या फांद्या, त्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस. सजावट म्हणून. मी वऱ्हाडातली. आमच्याकडे त्या फांदीला पऱ्हाटी म्हणतात. वेचणीला गेलेल्या बाईचे हात मी लहानपणापासून बघितलेत. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, आणि दिवसभर वेचून नखांच्या कडा सोलवटतात. मजुरी घेऊन घरी जाणाऱ्या बाईचे हात असे. ज्यांना मजुरी नव्हती आणि घरही मालकाचंच होतं, त्यांच्या हातांचं काय झालं असेल? ती पऱ्हाटी नवरीच्या टेबलावर मला बघवेना.

आणि त्या कापसाचं आपल्याशी नातंही आहे. चार्ल्सटनच्या खाडीच्या तोंडावर फोर्ट सम्टर आहे. १२ एप्रिल १८६१ ला पहाटे त्यावर तोफा डागल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेने दक्षिणेची बंदरं कोंडली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशात शेतकऱ्यांनी ज्वारीच्या रानात कापूस लावला, मुंबईत शेअरचं वेड पसरलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि ते सगळं कोसळलं. मुंबईचा तो बहर ज्या कापसाच्या तुटवड्यावर आला, तो कापूस या गुलाम माणसांनी वेचलेला होता. आपण अगदीच परके पाहुणे आहोत असं म्हणायची सोय वऱ्हाडातल्या माणसाला तरी नाही.

भाची घर बघत होती तेवढ्यात मी मागच्या अंगाला गेले. तिथे विटांची एक जुनी कोठी होती. एका विटेत दोन खळगे दिसले, जवळजवळ. बोटांचे. चार्ल्सटनच्या जुन्या विटांमध्ये असे ठसे सापडतात: ओली वीट साच्यातून काढून वाळताना उलटावी लागे, ते काम गुलामांची मुलं करत आणि बोटं मातीत रुतत. मी करंगळी लावून बघितली. पुरती बसली नाही. सहा-सात वर्षांचं पोर असेल. जितका वेळ उभी राहिले तितका वेळ बोट तिथून काढवलं नाही.

जागा दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, ही माणसं कुठे राहायची? त्यांनी हसून सांगितलं की तो भाग लग्नाच्या पॅकेजमध्ये येत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. मी इतिहासाला घाबरत नाही. आपले किल्ले, वाडे, राजवाडे काही फुलांच्या पाकळ्यांवर उभे राहिलेले नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण लग्नासाठी ही जागा का नको, याचं कारण लग्नातच आहे. गुलामांना लग्नाचा हक्कच नव्हता. कायद्याने गुलाम हा माल. आणि माल करार करू शकत नाही. ते लग्न करत नव्हते असं नाही. करत, जिवाच्या आकांताने करत. पण शपथ देणारा पाद्री शब्द बदलत असे: मरण येईपर्यंत नव्हे, मरण येईपर्यंत किंवा अंतर पडेपर्यंत. अंतर म्हणजे विक्री. नवरा एका गिऱ्हाइकाला, बायको दुसऱ्याला, पोरं तिसऱ्याला.

पुष्कळ जोडपी जमिनीवर झाडू ठेवून हातात हात घालून त्यावरून उडी मारत. झालं लग्न. आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लागू देत नाहीत. पण ज्यांच्यापाशी ना कागद ना मुहूर्त ना साक्षीदार, त्यांनी घरातली एकमेव हाताशी असलेली वस्तू घेतली आणि तिला साक्षीला ठेवलं. कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं आजही लग्नात ती उडी मारतात. १८६५ नंतर वीस-वीस, तीस-तीस वर्षं संसार केलेली म्हातारी जोडपी आपलं लग्न नोंदवायला सरकारी कचेरीत गेली. सुटका झाल्यावर कितीतरी जणांना आधी हवा होता तो लग्नाचा कागद.

त्या जमिनीवर आपण सप्तपदी घालायची? सात पावलं साथ देण्याचं वचन, तेही त्या घराकडे तोंड करून, जिथल्या मालकाच्या एका सहीने एखाद्याची साथ तुटत होती?

नाही. अजिबात नाही.

हे सुचलेली मी काही पहिली नव्हे. २०१२ मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हली या नटनटीचं लग्न चार्ल्सटनजवळच्या बून हॉल प्लँटेशनवर झालं. तिथे गुलामांच्या विटांच्या नऊ खोल्या आजही रांगेत उभ्या आहेत. त्या लग्नाची पुढे पुष्कळ निंदा झाली, आणि २०२० मध्ये रेनॉल्ड्सने जाहीरपणे मान्य केलं की ती मोठी चूक होती, तिचं वाईट वाटतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, ‘कलर ऑफ चेंज’ या संघटनेने आवाज उठवल्यावर पिंटरेस्ट आणि ‘द नॉट’ या लग्नवाल्या कंपनीने प्लँटेशनवरच्या लग्नांच्या जाहिरातबाजीला लगाम घालू असं सांगितलं. तरी तारखा भरलेल्याच आहेत. त्या आपण भरू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

विहीणबाई मनाने फार चांगल्या. ही जागा त्यांनीच सुचवली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तसं बघितलं तर अख्खं शहरच त्या लोकांनी बांधलेलं आहे. मग लग्न करायचं तरी कुठे?’

प्रश्न रास्त होता आणि मी त्यावर रात्रभर विचार केला. खरंच, चार्ल्सटनमध्ये अशी जुनी वीट शोधून सापडायची नाही जिला त्यांचा हात लागला नाही. शहराच्या नगरपालिकेनेच १९ जून २०१८ ला गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला. सात विरुद्ध पाच मतांनी. पाच जणांनी तेव्हाही हात वर केला नाही. पण शहर आणि प्लँटेशन यांत फरक आहे. शहरात आज त्या लोकांची नातवंडं-पणतवंडं राहतात, त्यांची देवळं आहेत, दुकानं आहेत, रस्त्यावर बरं-वाईट दोन्ही दिसतं. प्लँटेशनवर आपण मालकाच्या अंगणात, मालकाच्या जागी उभे राहतो. तिथे भाडं भरून विकत मिळतो तो मालकाचा दिमाख. शहरात हॉल घेतला तर हॉल मिळतो.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना मी बंदरावर घेऊन गेले. चाळीस वर्षं त्या राज्यात राहून त्या तिथे गेल्या नव्हत्या. गॅड्सडेन्स व्हार्फ. १८०८ मध्ये गुलामांची आयात कायद्याने बंद होण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत हजारो माणसं या धक्क्यावर उतरवली गेली. उत्तर अमेरिकेत आणलेल्या सगळ्या गुलामांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास चार्ल्सटनमार्गे आले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या जागेवर जून २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. पूर्ण इमारत खांबांवर तेरा फूट वर उचललेली आहे. त्या जमिनीवर तिचा भार नको, म्हणून. खाली मोकळं अंगण, आणि फरशीत जहाजात दाटीवाटीने आडव्या टाकलेल्या माणसांच्या आकृत्या. त्यांच्यावरून पाणी भरतीसारखं चढतं आणि उतरतं.

एक संग्रहालय त्या मातीवर आपला भार टाकायला कचरतं, आणि आपण तशाच मातीत मांडवाचे खांब ठोकायचे? विहीणबाई त्या आकृत्यांपाशी बराच वेळ उभ्या होत्या. परत येताना गाडीत त्यांनीच विषय काढला आणि म्हणाल्या, हॉल बघू.

मग समुद्रकिनारा सुचला. सलिव्हन्स आयलंड, शहरापासून वीसेक मिनिटं. पण तिथेही बघावं लागतं. जहाजातून आलेल्या माणसांना शहरात नेण्याआधी या बेटावर रोगराईच्या भीतीने अलग ठेवत. टोनी मॉरिसन या लेखिकेने एकदा खंत व्यक्त केली होती की या लोकांच्या आठवणीसाठी रस्त्याच्या कडेला साधं बाकदेखील नाही. २००८ मध्ये तिच्या नावाच्या संस्थेने पहिलं बाक इथेच ठेवलं. काळं, लोखंडी, साधं, पाण्याकडे तोंड करून. भाची आणि जावई तिथे बसले. तासभर कुणी बोललं नाही. लग्न किनाऱ्यावर नको हे तिथेच ठरलं. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा तिथे येऊन बसणार आहेत, हेही तिथेच ठरलं. मला हे फोटोपेक्षा मोलाचं वाटतं.

फोटोंचंही सांगते. चामर्स स्ट्रीट हा गोट्यांचा जुना रस्ता फोटोवाल्यांचा आवडता. रस्त्यावर उघडपणे माणसं विकायला १८५६ मध्ये शहराने बंदी घातली आणि लिलाव भिंतीआड गेले. त्यातली एक लिलावाची इमारत याच रस्त्यावर आहे, आज तिथे संग्रहालय आहे. तिच्या कमानीला टेकून नवरा-नवरी फोटो काढताना मी बघितली. मुलं गोड होती, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जो फोटो काढत होता त्याला मात्र माहीत असायला हवं होतं. फोटोवाला ठरवताना त्याला या शहराचं काय माहीत आहे ते विचारा.

आता तारखेचं. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो आलं ते चार्ल्सटनच्या अगदी उशाशी. आपला चातुर्मास आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, जवळजवळ त्याच महिन्यांत. आजीने घालून दिलेला नियम या गावात जसाच्या तसा पाळावा: चातुर्मासात लग्न नको.

आणि तुळशीचं लग्न झालं की लगेच मुहूर्त धरावा म्हणाल तर तेही जपून. चार्ल्सटन दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं, सखल. पुष्कळशी जमीन खाड्या बुजवून केलेली. भरती सात फुटांवर गेली की पावसाचा थेंब नसताना गटारांतून पाणी उलटं वर येतं आणि रस्ते भरतात. आणि उधाण कधी येतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. शरद ऋतूत ते सगळ्यात मोठं. म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचा मुहूर्त धराल तर नवरदेवाची गाडी घोटाभर खाऱ्या पाण्यातून येईल. पंचांग आपल्या घरी असतंच. तिथी बघतानाच पाणीही बघायचं. आम्ही एप्रिलमधली सप्तमी घेतली. भांगाची भरती, अझेलियाची फुलं अजून झाडावर, उकाडा मुंबईच्या मानाने काहीच नाही.

कागदपत्रं सोपी आहेत. प्रोबेट कोर्टात लायसन्ससाठी अर्ज करायचा, मग चोवीस तास थांबायचं. साउथ कॅरोलिनात नोटरीलाही लग्न लावून देता येतं, त्यामुळे भटजी मंगलाष्टकं म्हणतील आणि सही नोटरी करेल. सोपी आहेत म्हणून विसरू नये की ती सगळ्यांना सोपी नव्हती. काळ्या-गोऱ्यांचं लग्न बेकायदा ठरवणारं कलम या राज्याच्या घटनेत १८९५ पासून होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये अशा कायद्यांना मूठमाती दिली, तरी ते घटनेत छापलेलं राहिलं. ते काढायला १९९८ चं मतदान यावं लागलं, आणि तेव्हाही शंभरात अडतीस लोकांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं. ज्या वर्षी हे मतदान झालं, त्या वर्षी जावई पाच वर्षांचा होता.

जेवणात भाचीने भेंडी आणि तीळ हट्टाने ठेवलेत. भेंडी तिथे आफ्रिकेतून आली. तिळाला तिथले लोक ‘बेने’ म्हणतात, तो शब्दही पश्चिम आफ्रिकेतला. गुलामांनी आपल्या परसात तीळ जपला. बेने वेफर म्हणजे आपल्या तिळाच्या वडीची पातळ, खुसखुशीत बहीण. पाहुण्यांच्या हातावर निघताना तेच ठेवायचं. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या केली जाते, त्यांच्याकडून घ्यायचं, आणि मागतील ती किंमत द्यायची.

किमतीवरून आठवलं. माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला लाकडी टपऱ्या आहेत. तिथे गला समाजाच्या बाया गवताच्या टोपल्या विणत बसतात. गला म्हणजे याच किनाऱ्यावरच्या गुलामांचे वंशज; त्यांची बोली आहे, त्यांची रीत आहे, आणि ही विणकामाची कला आफ्रिकेतून आजवर तुटलेली नाही. स्वीटग्रास नावाचं गोड वासाचं गवत, मध्ये लव्हाळं, मध्ये पाइनच्या लांब सुया, आणि हे सगळं पामच्या पातीने टाचत जायचं. सुई नसते. चमच्याचा दांडा घासून टोकदार केलेला असतो, त्याने भोक पाडायचं आणि पात ओवायची. मी अर्धा तास उभी राहिले, तेवढ्यात दोन वेढे झाले असतील. हाताएवढ्या टोपलीची किंमत ऐकून भाचीच्या मैत्रिणीने कमी करायला सांगितलं. मी तिला तिथल्या तिथे थांबवलं. आठवडाभर विणलेल्या वस्तूची घासाघीस त्या रस्त्यावर तरी नको.

मागे एक मोठी, पसरट, उथळ टोपली टांगलेली होती. मी बघतच राहिले. आपलं सूप! कड थोडी वेगळी, पण काम तेच: कांडलेला भात वर उडवायचा, वाऱ्याने कोंडा जातो, तांदूळ परत टोपलीत पडतो. ही कला या किनाऱ्यावर आली तीच मुळी अशा भात पाखडायच्या टोपल्यांसाठी. दोनशे वर्षं त्यांनी तो तांदूळ पाखडला, आणि तो दुसऱ्यांच्या नावाने जहाजात चढला.

विणणाऱ्या बाईंनी विचारलं, कशाला हवी? मी सांगितलं, आमच्याकडे लग्नात हळदी-कुंकवाने रंगवलेले तांदूळ जोडप्याच्या डोक्यावर टाकतात, ते यात ठेवायचेत. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, टोपली खाली काढली, दोन्ही हातांत धरून हवेत एकदा झेलून दाखवली. मनगट आत वळवून, अगदी माझी आई झेलायची तशी. मग कडेवर एक पात सैल वाटली म्हणून चमच्याच्या दांड्याने पुन्हा घट्ट केली, आणि माझ्या हातात दिली.